रेसिपीतलं 'क्रीम' म्हणजे नक्की कोणतं?

फ्रेश क्रीमचं पाकीट फोडलं, पिठीसाखर घातली, बीटर लावला. पंधरा मिनिटं झाली, बीटर तापला, भांड्यात मात्र पातळसर पांढरा द्रव तसाच. अशा वेळी दोष बीटरला दिला जातो, नाहीतर उकाड्याला. खरं कारण पाकिटाच्या मागे बारीक अक्षरांत छापलेलं असतं: फॅट २५ टक्के. एवढ्या फॅटवर क्रीम फुलून उभं राहत नाही, कितीही फेटा.

क्रीम म्हणजे दुधातली फॅट एकवटलेला भाग. डेअरीवर दूध घालणाऱ्यांना 'आज फॅट किती लागली' हा प्रश्न रोजचाच. क्रीम विकत घेतानाही तोच प्रश्न विचारायचा. पाकिटावरच्या नावांना फार भुलू नये. आधी आपलं काम काय ते ठरवावं: ग्रेव्ही मऊ करायची आहे, फेटून फुलवायचं आहे, की लोणी काढायचं आहे? मग आकडा बघून पाकीट उचलावं.

भारतातल्या अन्नसुरक्षा नियमांत क्रीमचे तीन गट आहेत. कमी फॅटच्या क्रीममध्ये किमान २५ टक्के, मध्यममध्ये ४० आणि जास्त फॅटच्या क्रीममध्ये ६० टक्के फॅट लागते. म्हणजे पाकिटावर 'लो फॅट क्रीम' छापलेलं असलं, तरी ते डाएटवाल्यांसाठी काढलेलं खास क्रीम नव्हे. दुकानात 'फ्रेश क्रीम' म्हणून मिळतं ते हेच. अमूलचं फ्रेश क्रीम याच २५ टक्क्यांच्या गटातलं. तुलनेसाठी, फुल क्रीम दुधात फॅट ६ टक्के असते आणि टोन्ड दुधात ३.

साय म्हणजे क्रीम नव्हे

घरात साय साठवलेली असते, मग क्रीम कशाला विकत आणायचं, हा विचार बरोबरच आहे. फक्त साय आणि क्रीम या दोन वेगळ्या वस्तू आहेत. क्रीम दुधातून यंत्राने फिरवून वेगळं काढतात, त्यामुळे ते एकसारखं ओतता येतं. साय दूध तापल्यावर धरते. पृष्ठभागावर दुधातली प्रथिनं पापुद्रा धरतात आणि फॅट त्या पापुद्र्यात आणि त्याच्या खाली अडकते. म्हणून सायीत फॅटबरोबर शिजलेल्या प्रथिनांचे धागे असतात आणि तापवलेल्या दुधाचा वास असतो. बासुंदीत हेच तर हवं असतं. बाजूला धरलेली साय खरवडून परत दुधात सोडली की बासुंदी दाणेदार होते. पण तीच साय चमच्याने थेट मखनी ग्रेव्हीत टाकली, तर पांढरे तुकडे तरंगतात आणि वर तुपाचा तवंग येतो.

पिशवीच्या दुधाला जाड साय धरत नाही ही तक्रार घरोघरी ऐकू येते. बऱ्याच पिशव्यांतलं दूध होमोजिनाइज केलेलं असतं. म्हणजे फॅटचे कण दाबाखाली इतके बारीक केलेले असतात की ते वर येतच नाहीत. ही भेसळ नव्हे. साय हवी असेल तर होमोजिनाइज न केलेलं फुल क्रीम किंवा म्हशीचं सुटं दूध घ्यावं. उकळी आल्यावर गॅस अगदी मंद करून पाच मिनिटं ठेवावं, मग पातेल्यावर जाळी ठेवून न हलवता गार होऊ द्यावं आणि रात्रभर फ्रीजमध्ये ठेवावं. पातेलं गरम असताना घट्ट झाकण लावलं, तर वाफेचं पाणी सायीवर पडतं आणि ती पातळ राहते.

ग्रेव्हीसाठी साय अशी तयार करावी: चार मोठे चमचे ताजी साय, दोन चमचे दूध, मिक्सरच्या लहान भांड्यात दोन-तीन सेकंदांचे तीन झटके. त्याहून जास्त फिरवलं, की लोण्याचे कण दिसायला लागतात. गुठळी राहिली असेल तर गाळणीतून चमच्याने दाबून काढावी. हे मिश्रण फ्रेश क्रीमच्या जागी मापाला माप चालतं, पण ते त्याच दिवशी संपवावं.

साठवलेल्या सायीचं खरं काम लोणी-तुपाचं. डब्यात पहिल्या दिवशीच चमचाभर दही तळाला घालून त्यावर रोजची साय टाकत गेलं, तर ती खवट होत नाही. नुसती साय फ्रीजच्या खालच्या कप्प्यात चार-पाच दिवसांनी कडवट लागायला लागते, म्हणून विरजण न घालता साठवायची असेल तर डबा फ्रीझरमध्येच ठेवावा. घुसळताना लोणी येत नसेल, तर आधी हात लावून बघा. साय फार गार असेल तर नुसता फेस येतो, लोणी येत नाही. कोमट पाण्याचा एक शिपका पुरतो. उलट एप्रिल-मे महिन्यात लोणी मलमासारखं भांड्याला चिकटतं, तेव्हा बर्फाचे खडे टाकावेत.

फेटायचं क्रीम

बेकरीच्या सामानाच्या दुकानात 'व्हिपिंग क्रीम' मागितलं, की दुकानदार विचारतो, डेअरी की नॉन-डेअरी? नवखे इथेच गडबडतात. दोन्ही पांढरी असतात, दोन्ही फुलतात, पण आत काय आहे ते अगदी वेगळं.

डेअरी व्हिपिंग क्रीम म्हणजे दुधाचंच क्रीम, फॅट ३० टक्के किंवा जास्त. ३५ च्या आसपास असेल तर काम सोपं. त्यात साखर नसते. फुलून साधारण दुप्पट होतं. चव दुधाची, तोंडात लगेच विरघळणारी. नॉन-डेअरीत दुधाची फॅट नसते. पाम कर्नेलसारखी घट्ट केलेली वनस्पतिजन्य तेलं, साखर, पाणी आणि मिश्रण धरून ठेवणारी द्रव्यं असतात. ते तिप्पट किंवा त्याहून जास्त फुलतं, गोड असतं, उकाड्यात बराच वेळ टिकतं. वाढदिवसाच्या केकवरची फुलं बहुतेक याचीच असतात आणि टाळूला मेणासारखा थर जाणवतो तोही याचाच. ग्रेव्हीत आणि सूपमध्ये हे कधीही घालू नये, भाजी गोड होते आणि वर तेल सुटतं. आणखी एक गोष्ट. 'नॉन-डेअरी' लिहिलेलं असूनही त्यात दुधाचं प्रथिन, म्हणजे कॅसिनेट, असू शकतं. दुधाची ॲलर्जी असलेल्यांसाठी आणायचं असेल तर घटकांची यादी शेवटपर्यंत वाचावी.

फेटताना नेमकं काय घडतं ते एकदा समजलं, की चुका आपोआप कमी होतात. बीटर हवा आत कोंडतो, बुडबुडे तयार होतात. फॅटचे कण एकमेकांना अर्धवट चिकटतात आणि त्या बुडबुड्यांभोवती भिंत उभी करतात. भिंतीला माल पुरेसा हवा, आणि तो गार व घट्ट हवा. २५ टक्क्यांच्या क्रीममध्ये माल कमी पडतो. ३५ टक्क्यांचं क्रीम गरम असेल तर माल आहे, पण वितळलेला. निकाल दोन्हीकडे सारखाच.

२०० मिली डेअरी क्रीमसाठी:

१. पाकीट आदल्या रात्रीच फ्रीजमध्ये ठेवावं. फ्रीझरमध्ये नको. बर्फ धरला की क्रीम फुटतं आणि नंतर दाणेदार होतं.

२. खोलगट स्टीलचं भांडं आणि बीटरच्या काड्या १५ मिनिटं फ्रीझरमध्ये ठेवाव्यात. प्लॅस्टिकचं भांडं लवकर गार होत नाही.

३. मोठ्या परातीत बर्फ आणि पाणी घेऊन त्यात हे भांडं बसवावं. मुंबई-कोकणच्या हवेत ही पायरी टाळू नये.

४. आधी कमी वेगावर एक मिनिट, बारीक फेस येईपर्यंत. मग दोन मोठे चमचे चाळलेली पिठीसाखर घालून मध्यम वेग. पहिल्यापासून जोरात फेटलं, तर बुडबुडे मोठे होतात आणि तासाभरात खाली बसतात.

५. काड्यांच्या रेघा क्रीमवर उमटून राहू लागल्या, की वेग कमी करावा आणि दर दहा सेकंदांनी थांबून बघावं. बीटर उचलल्यावर टोक येऊन वाकलं, तर ते सॉफ्ट पीक: पुडिंगसाठी, फळांत मिसळण्यासाठी. टोक सरळ उभं राहिलं तर स्टिफ पीक: केकवर लावण्यासाठी, पायपिंगसाठी, म्हणजे पिशवीतून दाबून फुलं काढण्यासाठी.

सॉफ्ट ते स्टिफ हे अंतर अर्ध्या-एक मिनिटाचं असतं, आणि स्टिफच्या पुढे लगेच लोणी. कडा खरखरीत दिसायला लागल्या, रंग किंचित पिवळसर झाला, तर बीटर ताबडतोब बंद. एक-दोन चमचे न फेटलेलं गार क्रीम घालून हातानेच हलकेच मिसळलं, तर बहुतेक वेळा क्रीम परत गुळगुळीत होतं. तळाला पाणी सुटलं असेल तर मात्र मागे फिरता येत नाही. तेव्हा सरळ पुढे फेटून लोणी काढावं. गोड लोणी पोळीबरोबर वाया जात नाही.

नॉन-डेअरी गोठवलेलं येतं. ते रात्रभर फ्रीजमध्ये वितळवावं आणि आत बर्फाचे बारीक कण शिल्लक असतानाच फेटायला घ्यावं. ओट्यावर ठेवून वितळवलं तर बाहेरून गरम, आतून दगड, आणि फुलतं तेही अर्धवट.

एक पदार्थ, तीन क्रीम

फरक बघायचा असेल तर गोव्यातला सेरादुरा करून पाहावा. पोर्तुगीजांकडून आलेला हा पदार्थ, नावाचा अर्थ लाकडाचा भुसा. बिस्किटांचा चुरा तसाच दिसतो म्हणून. चार ग्लासांसाठी २५० मिली डेअरी व्हिपिंग क्रीम, १०० ग्रॅम कंडेन्स्ड मिल्क, १८ ते २० मारी बिस्किटं आणि अर्धा चमचा व्हॅनिला. बिस्किटं मिक्सरमध्ये रव्याइतकी बारीक करावीत. क्रीम सॉफ्ट पीकपर्यंत फेटावं, मग कंडेन्स्ड मिल्क आणि व्हॅनिला घालून पुन्हा थोडंसं, म्हणजे चमच्यावरून घसरणार नाही इतपत. साखर घालायची नाही. ग्लासात आधी चुरा, मग क्रीम, असे थर द्यावेत. चुरा चमच्याच्या पाठीने हलका दाबावा. चार तास फ्रीजमध्ये ठेवावं आणि सगळ्यात वरचा चुरा वाढतानाच भुरभुरावा, आधी घातला तर तो ओला होतो.

हाच पदार्थ फ्रेश क्रीमने केला, तर क्रीम चुऱ्यात झिरपतं, थर दिसत नाहीत आणि ग्लासात लगदा होतो. नॉन-डेअरीने केला तर थर सुरेख उभे राहतात, पण कंडेन्स्ड मिल्कची गोडी त्यावर चढते आणि चार चमच्यांनंतर खाववत नाही. त्यात कंडेन्स्ड मिल्क निम्म्यावर आणावं लागतं.

महाबळेश्वर-पाचगणीला मिळते तशी स्ट्रॉबेरी-क्रीम घरी करताना क्रीम बरोबर असूनही ग्लासाच्या तळाला गुलाबी पाणी साचतं. ते फळाचं असतं. स्ट्रॉबेरी धुऊन फडक्यावर पूर्ण कोरडी करावी, देठ धुतल्यावर काढावेत, आणि साखर फळावर न भुरभुरता क्रीममध्ये घालावी. फळांच्या क्रीममध्ये कच्चा अननस आणि किवी टाळावेत. त्यांतले विकर (एन्झाइम) दुधाच्या प्रथिनांवर काम करतात आणि तासाभरात क्रीम कडू लागायला लागतं. अननस हवाच असेल तर साखरेच्या पाण्यात पाच मिनिटं उकळून, गार करून घालावा. डब्यातला अननस आधीच तापवलेला असतो, तो तसाच चालतो.

ग्रेव्हीत क्रीम फाटतं तेव्हा

इथे २५ टक्क्यांचं फ्रेश क्रीम अगदी योग्य. तरी ते फाटतं, आणि ते मुख्यतः टोमॅटोमुळे. आंबटपणा आणि उष्णता एकत्र आली की दुधाची प्रथिनं गोळा होतात. फॅट जितकी कमी, तितकी ही शक्यता जास्त. म्हणूनच क्रीम संपलं म्हणून ऐनवेळी दूध घातलेली ग्रेव्ही हमखास फाटते.

अर्धा किलो टोमॅटोच्या मखनी ग्रेव्हीला ६० ते ८० मिली क्रीम पुरतं. त्याहून जास्त घातलं तर मसाल्याची चव झाकली जाते आणि भाजी फिकट गुलाबी दिसते. ग्रेव्हीतला टोमॅटोचा कच्चेपणा आधी पूर्ण जायला हवा. कडेला तेल सुटेपर्यंत परतावं, मीठ आणि चिमूटभर साखर घालून चव जुळवावी, मग गॅस बंद करावा. क्रीम फ्रीजमधून अर्धा तास आधी बाहेर काढलेलं असावं. एका वाटीत क्रीम घेऊन त्यात दोन डाव गरम ग्रेव्ही थोडी थोडी घालत ढवळावं, आणि हे मिश्रण कढईत ओतावं. कसुरी मेथी त्यानंतर. पुन्हा गरम करायची वेळ आली तर मंद आचेवर, उकळी येऊ न देता.

फाटलीच तर? ग्रेव्ही थोडी निवू द्यावी, दोन चमचे काजूची पेस्ट घालून मिक्सरमधून फिरवावी. दाणे मोडतात आणि काजू मिश्रण धरून ठेवतो. हॉटेलांत आधीपासूनच काजू आणि मगज (खरबुजाच्या सोललेल्या बिया) घालतात ते नुसत्या चवीसाठी नाही.

दाल मखनीचा न्याय वेगळा. तिथे आंबटपणा कमी, उडदाचा चिकटपणा भरपूर, त्यामुळे निम्मं क्रीम आधी घालून मंद आचेवर वीस मिनिटं रटरटू दिलं तरी बिघडत नाही, उलट मुरतं.

नारळाच्या दुधाला मात्र मखनी ग्रेव्हीचाच नियम लागू: शेवटी घालायचं, उकळू द्यायचं नाही. एका नारळाचा चव वाटीभर कोमट पाण्यात फिरवून पिळला की निघतं ते पहिलं, जाड दूध. आपल्या किनारपट्टीचं क्रीम म्हणायचं ते हेच. आमटी किंवा कालवण शिजवायचं ते दुसऱ्या-तिसऱ्या पातळ दुधात, जाड दूध शेवटी घालायचं आणि कड येऊ लागला की उतरवायचं. खळखळ उकळलं तर तेल वेगळं होतं. दूध न खाणाऱ्यांसाठी मखनीतही हे चालतं, फक्त चवीला कोकण लागतं.

नसेल तेव्हा, आणि परदेशात

विदेशी पाककृतीत सावर क्रीम असेल तर एक वाटी घट्ट चक्का, दोन चमचे फ्रेश क्रीम आणि चिमूटभर मीठ फेटून घ्यावं. चक्का श्रीखंडाला लागतो तितका कोरडा नको, दही चार तास टांगलं की पुरे.

हेवी क्रीम लागतं आणि घरी फ्रेश क्रीमच आहे, तेव्हा १०० मिली क्रीममध्ये १५ ग्रॅम बिनमिठाचं लोणी वितळवून मिसळावं. फॅट ३२ टक्क्यांच्या आसपास जाते. पास्ता, सूप, गनाश (चॉकलेट आणि क्रीमचं मिश्रण) यांना चालतं. फेटायला मात्र नाही, कारण वितळवून मिसळलेली फॅट क्रीममधल्या कणांसारखी वागत नाही. पातळ क्रीम हवं असेल तर १०० मिली फ्रेश क्रीममध्ये ४५ मिली दूध घालावं, १८ टक्के होतं.

परदेशातल्या मराठी घरांत अडचण उलटी. तिथे 'फ्रेश क्रीम' नावाचं पाकीट शेल्फवर सापडत नाही. अमेरिकेत हेवी क्रीम किमान ३६ टक्के आणि हाफ अँड हाफ (दूध-क्रीमचं मिश्रण) १०.५ ते १८ टक्के. ब्रिटनमध्ये सिंगल १८, व्हिपिंग ३५, डबल ४८, आणि डेव्हन-कॉर्नवॉलचं क्लॉटेड क्रीम किमान ५५ टक्के. क्लॉटेड म्हणजे मंद आचेवर तासन् तास तापवून वर धरलेला जाड थर, आपल्या सायीची जवळची नातेवाईक. भारतातल्या पाककृतीसाठी १०० मिली हेवी क्रीममध्ये ५० मिली होल मिल्क, किंवा १०० मिली डबल क्रीममध्ये १०० मिली दूध घातलं, की २५ टक्के जमतं. लोण्यासाठी मात्र काही मिसळू नये. ४७३ मिलीच्या एका पिंट हेवी क्रीममधून साधारण २०० ग्रॅम लोणी निघतं. चमचाभर दही लावून रात्रभर बाहेर ठेवलं आणि मग घुसळलं, तर तुपाला घरच्या सायीचा वास येतो.

उघडल्यावर

टेट्रापॅकमधलं क्रीम उघडेपर्यंत बाहेर टिकतं, कारण ते अतिउच्च तापमानाला तापवून हवाबंद भरलेलं असतं. एकदा कापलं की ते साध्या दुधासारखंच नाशवंत. काचेच्या किंवा स्टीलच्या कोरड्या डब्यात काढून फ्रीजमध्ये ठेवावं आणि दोन-तीन दिवसांत संपवावं. पाकिटाची कात्रीने कापलेली चोच चिमटा लावून ठेवली, तरी तिथे सुकलेलं क्रीम आधी आंबतं. उरलेलं बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवता येतं. एक खाचा म्हणजे अंदाजे १५ मिली, ग्रेव्हीत थेट टाकायला सोयीचा. वितळल्यावर ते पाणी सोडतं, म्हणून पुडिंगसाठी वापरू नये. न उघडलेलं पाकीट फुगलेलं दिसलं, तर तारीख काहीही असो, उघडून वास घेत बसू नये, तसंच टाकून द्यावं.